अथणीची कंपनी, सांगलीची पाटी

पत्र

नमस्कार. माझं माहेर सांगली, सासर अथणी. आमचे हे आणि माझे दीर, दोघांनी मिळून २०२१ साली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. नोंदणी बेंगळुरूची, रजिस्टर्ड ऑफिस अथणीत. हळद पावडर, मिरची पूड आणि दोन-तीन मसाले आम्ही करतो. उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आसपास, अथणीत १७ माणसं कामाला. आता सांगलीत गणपती पेठेजवळ दुकान आणि मागे छोटं गोडाऊन भाड्यानं घ्यायचं ठरलंय. माझे दादा तिथं बसतील, हाताखाली आणखी तीन माणसं.

एका एजंटनं सांगितलं की कर्नाटकातल्या कंपनीला महाराष्ट्रात धंदा करायचा तर नाव ‘महाराष्ट्रात रजिस्टर’ करावं लागतं, त्याचे ३५ हजार. पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्यानं नेटवर वाचून कळवलं की परराज्यातल्या कंपनीला ‘फॉरेन कंपनी’ म्हणून नोंद करावी लागते, त्या राज्यात एजंट नेमावा लागतो, आणि नाव तिथं आधीच कुणी घेतलं असेल तर दुसरं लावावं लागतं. त्यातच आमच्या कंपनीच्या नावातला पहिला शब्द नदीचा आहे आणि त्याच शब्दाचं मसाल्याचं एक जुनं दुकान त्याच भागात आहे. दादा म्हणतात, आपली कंपनी सरकारदरबारी नोंदलेली, पाटी बदलायची तर त्यानं बदलावी. दीर म्हणतात, सांगलीतली विक्री ४० लाखांच्या आत राहिली तर तिथं जीएसटीही नको. दसऱ्याला पाटी लावायची आहे. पेंटरला काय लिहून देऊ?

— एक वाचक, अथणी

उत्तर

ताई, पेंटरला आठ दिवस थांबवा, एजंटला पैसे देऊ नका, आणि दादांना त्या दुकानदाराशी भांडायला तर अजिबात पाठवू नका. दिरांचं म्हणणंही चुकलंय, पण ते चुकणं साहजिक आहे. निम्मी सांगली त्यांच्यासारखाच हिशेब करते.

आधी पुतण्याचं बघू, कारण पोरानं वाचलंय ते बरोबरच आहे, फक्त देश चुकला. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कंपनी कायदा वेगळा. डेलावेअरमध्ये जन्मलेली कंपनी कॅलिफोर्नियात परकी ठरते, म्हणून तिथं व्यवसायाची परवानगी घ्यावी लागते, कागद स्वीकारायला स्थानिक माणूस नेमावा लागतो, आणि तेच नाव तिथल्या दप्तरात आधीच असलं तर त्या राज्यापुरतं वेगळं नाव धारण करावं लागतं. आपल्याकडे कंपनी कायदा केंद्राचा, एकच, २०१३ सालचा. तुमची कंपनी बेंगळुरूच्या निबंधकांकडे नोंदली गेली म्हणून ती कर्नाटकापुरती झाली नाही. नाव मंजूर करताना देशभरातल्या कंपन्यांची आणि एलएलपींची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांची) नावं तपासली जातात, त्यामुळे त्याच नावाची दुसरी कंपनी पुण्यात काय नि पाटण्यात काय, निघणार नाही. आपल्या कायद्यात ‘विदेशी कंपनी’ हा शब्द आहे, पण तो भारताबाहेर नोंदलेल्या कंपनीसाठी. अथणीहून कागवाडमार्गे मिरजेत आलेल्या माणसाला परदेशी म्हणायची वेळ सुदैवानं अजून आलेली नाही. सीमाप्रश्न वगैरे बाजूला ठेवू.

म्हणजे ‘महाराष्ट्रात कंपनीचं नाव रजिस्टर करणं’ असलं कामच नाही. तसा फॉर्म नाही, तसं दप्तर नाही. सांगलीत शाखा उघडायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो: अमुक पत्त्यावर शाखा, तमुक माणूस अधिकृत, त्याचे अधिकार एवढे. बेंगळुरूला काही कळवायचं नाही. तुमच्या कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक काढून बघा. पहिलं अक्षर यू, मग पाच आकडे, त्यापुढे ‘केए’, मग २०२१. ते केए म्हणजे कर्नाटक. शाखा सांगलीत काढा की गुवाहाटीत, ते तसंच राहतं. रजिस्टर्ड ऑफिसच सांगलीला हलवायचं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याला विशेष ठराव, वर्तमानपत्रात जाहिरात, प्रादेशिक संचालकांची मंजुरी असं लांबलचक प्रकरण असतं. तुम्हाला ते करायचं नाही, तुमच्या पत्रात तसं काही दिसतही नाही. हिशेबाची मूळ पुस्तकंही अथणीतच ठेवा आणि सांगलीचा गोषवारा ठरलेल्या मुदतीनं तिकडे पाठवत जा, म्हणजे त्याबद्दलही वेगळा फॉर्म भरावा लागणार नाही.

मग एजंट ३५ हजार कशाचे मागतोय? माझा अंदाज, गुमास्त्याचे. गुमास्ता म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याची नोंद. २०१७ च्या नव्या कायद्यानंतर कमी माणसांच्या दुकानाला पूर्वीसारखा परवाना काढावा लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, नमुना ‘एफ’मध्ये, आणि पोच घ्यायची. तुमची दादांसकट चार माणसं, म्हणजे तुम्ही सूचनेतच बसता. सरकारी खर्च नाममात्र. कागद गोळा करून भरून द्यायचे कुणी हजार-दोन हजार घेतले तर तो त्याच्या मेहनतीचा मोबदला, माझी हरकत नाही. पण ‘नाव रजिस्टर’ म्हणून ३५ हजार घेणारा माणूस उद्या आणखी कशाकशाचे घेईल सांगता येत नाही.

या गुमास्त्यानं आपल्याकडे एक मोठा गैरसमज रुजवलाय. लोक ती पोच फ्रेम करून गल्ल्यावर लावतात आणि समजतात की नाव आपल्या मालकीचं झालं. गुमास्ता, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंद), जीएसटीच्या दाखल्यातलं व्यापारी नाव, यांतला एकही कागद नावाची मालकी देत नाही. या नावानं, या जागी, हा माणूस धंदा करतो, एवढंच ते सांगतात. एकाच रस्त्यावर एकाच नावाच्या दोन दुकानांना दोन गुमास्ते मिळतात, कुणी अडवत नाही. नावाचा सातबारा म्हणता येईल असा एकच कागद आहे, ट्रेडमार्क. (सातबारासुद्धा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असं वकील मंडळी लगेच सांगतील. माहीत आहे. तरी आपण जमीन घेताना आधी तोच मागतो ना?)

नावाकडे परत येऊच. त्याआधी जीएसटी, कारण दिरांच्या हिशेबावर चाललात तर नुकसान तिथं आहे.

४० लाखांची मर्यादा दुकानाची नसते, राज्याचीही नसते. एका पॅनवर देशभरात होणारी सगळी उलाढाल एकत्र धरतात. तुमची दीड कोटी आहे, म्हणजे मर्यादा अथणीतच ओलांडून झाली. सांगलीतून कंपनीच्या नावानं पहिलं पाकीट विकण्याआधी महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी क्रमांक हवा. अथणीचा क्रमांक २९ नं सुरू होतो, सांगलीचा २७ नं होईल, मधली दहा अक्षरं पॅनची, ती दोन्हीकडे तीच. या नोंदणीला सरकारी फी नाही. अथणीच्या क्रमांकात सांगलीचा पत्ता ‘जादा जागा’ म्हणून घालून भागतं, असं कुणीतरी सांगेल. जादा जागा त्याच राज्यातली चालते. कागवाडच्या अलीकडची चालत नाही.

आता खरी गंमत. कायद्याच्या नजरेत २९ वाली तुमची कंपनी आणि २७ वाली तुमची कंपनी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. म्हणून अथणीहून सांगलीला माल पाठवला तर पैसा हातात न येताही ती करपात्र देवघेव धरतात. ‘आपलाच माल, आपलंच दुकान, कशाला बिल’ म्हणून साध्या चलनावर टेम्पो सोडणारे मी बरेच पाहिलेत. एका ओळखीच्या गृहस्थांचा टेम्पो असाच मिरजेच्या अलीकडे अडवला गेला. दोन दिवस गाडी उभी आणि गाडीत लग्नसराईचा माल. दंडापेक्षा त्यांना गिऱ्हाईक तुटल्याचं दुःख जास्त झालं.

हिशेब घाबरण्यासारखा नाही. समजा अथणीनं सांगलीला २ लाखांची हळद पावडर पाठवली. ५ टक्क्यांनी १० हजार आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, अथणीच्या बिलात लागला. तेच १० हजार सांगलीच्या खात्यात जमा दिसतील. सांगलीनं तो माल २ लाख ४० हजारांना विकला तर कर १२ हजार, त्यातून १० हजार वजा, रोख भरायचे २ हजार. खिशातून जास्तीचं काही जात नाही. फक्त माल सांगलीत पडून राहिला तर तेवढा पैसा अडकतो, म्हणून दसऱ्याच्या जोरात पहिल्याच खेपेला गोडाऊन काठोकाठ भरू नका. एका खेपेचा माल ५० हजारांवर गेला की ई-वे बिलही, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागेल.

अर्जाबरोबर जागेचा पुरावा लागतो. तुम्ही भाड्यानं घेताय, तर लिव्ह अँड लायसन्स करार कंपनीच्या पूर्ण नावानं करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं सक्तीचं आहे. ‘आपण घरचेच, नोटरी करून टाकू’ असं घरमालक म्हणतील. नको. करार दादांच्या नावानं झाला आणि अर्ज कंपनीचा असला तर तिथंच गाडी अडते. घरमालकाचं ताजं लाईट बिल घ्या आणि त्यावरचं नाव करारातल्या नावाशी जुळतं का बघा. सांगलीच्या जुन्या पेठांत लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. तसं असेल तर वारसांची संमती आधीच लिहून घ्या. जागा बघायला अधिकारी येऊ शकतात, तेव्हा कुलूप नसावं, आणि निदान फ्लेक्सवर का होईना, कंपनीचं नाव दिसावं.

बाकीचं भरभर सांगतो. व्यवसाय कर: कंपनी म्हणून महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये स्वतःचे, आणि पगारातून कापायचा तो वेगळा. पुरुष कामगाराचा पगार महिन्याला १० हजारांवर असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजारांपर्यंत काही नाही. उद्यम नोंदणी अथणीत झालेली असेल तर दुसरी काढायची नसते, त्याच नोंदीत सांगलीची जागा वाढवायची. अन्नसुरक्षेचा परवाना मात्र जागेगणिक वेगळा आणि दोन राज्यांत काम म्हटल्यावर मुख्य कार्यालयाचा केंद्रीय परवाना, तेव्हा अथणीच्या परवान्यावर सांगलीचं गोडाऊन चालवू नका. सांगलीत नुसती विक्री करणार की पोती आणून पाकिटंही तिथंच भरणार, हे आधी ठरवा. पाकिटं भरणार असाल तर परवान्याचा प्रकार बदलतो आणि पाकिटावरचा पत्ताही. दादांना मार्केट यार्डातल्या सौद्यात कंपनीसाठी हळद घ्यायची असेल तर बाजार समितीचा परवाना निराळा. महापालिकेचं काही लागतं का, ते वॉर्ड ऑफिसात दादांनी एकदा समक्ष विचारून यावं.

आणि एक, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी शाखेतली माणसं मूळ कंपनीच्या माणसांतच मोजतात. रेषा २० ची. तुमच्याकडे अथणीत १७. सांगलीची चार धरली की २१. म्हणजे सांगलीचं दुकान उघडल्याबरोबर अथणीतल्या सतराजणांचाही पीएफ सुरू करावा लागेल. माणसांच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे, पण पगाराचं गणित बदलतं. दिरांना हे दसऱ्याआधी कळलेलं बरं.

आता नाव. दादांचं म्हणणं मी दोनदा वाचलं. ‘आपली कंपनी नोंदलेली, त्याचं दुकान साधं.’ ताई, या भांडणात पारडं त्या साध्या दुकानाकडे झुकतं. कंपनीची नोंद झाली म्हणजे बाजारात ते नाव वापरायचा हक्क सगळ्यांच्या वर मिळाला, असं नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्यात आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला संरक्षण आहे. इतकं, की तुम्ही उद्या ट्रेडमार्क नोंदवलात तरी तुमच्या आधीपासून वापरणाऱ्याला तुम्ही हटवू शकत नाही. तुम्ही २०२१ चे. तो तुम्हीच लिहिल्याप्रमाणे जुना. त्यानं काहीच नोंदवलेलं नसलं तरी ‘माझ्या नावाचा फायदा उपटून माल विकतात’ म्हणून तो कोर्टात जाऊ शकतो. तोच शब्द, तोच माल, तीच पेठ. न्यायाधीशांना फार विचार करावा लागणार नाही. त्याचा ट्रेडमार्क नोंदलेला असला तरी तुमच्या कंपनीचं नावच बदलायला लावा म्हणून सरकारकडे अर्ज करायची त्याची मुदत कंपनी निघाल्यापासून तीन वर्षांची होती, ती टळली. पण दुकानाच्या पाटीवर आणि पाकिटावर ते नाव वापरू देऊ नका, हे मागायला कोर्टाचा रस्ता त्याला मोकळा आहे.

उलट बाजूनंही बघा. गणपती पेठेत किराणा भरायला येणारी बाई पाटीवरचा पहिला शब्द वाचते, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ वाचत नाही. ती त्याच्याकडची म्हणून तुमची हळद घेईल किंवा तुमची म्हणून त्याची. पहिले सहा महिने तुम्हाला त्याच्या नावाचा फायदा होईल, आणि सातव्या महिन्यात त्याच्या एखाद्या खराब लॉटची शिवी तुम्ही खाल. नदीच्या नावाचा हाच त्रास. आपल्याकडे कृष्णा, वारणा, येरळा यांच्या नावानं दूधसंस्थेपासून सलूनपर्यंत सगळं आहे. असं नाव आपलंसं वाटतं, पण आपलं करून घेता येत नाही.

म्हणून माझं मत: कंपनीचं नाव आहे तसं कागदावर राहू द्या, बदलायच्या फंदात पडू नका. दुकानाला आणि पाकिटाला मात्र नवं नाव घ्या. कंपनीला वेगळ्या नावानं दुकान चालवायला आपल्याकडे कसली बंदी नाही आणि त्यासाठी वेगळी सरकारी नोंदही नाही. जीएसटीच्या अर्जात ‘कायदेशीर नाव’ पॅनप्रमाणे येतंच, खाली ‘व्यापारी नाव’ असा रकाना असतो, तिथं नवं नाव लिहा. संचालकांच्या ठरावात ते घ्या. बँकेला कळवा, नाहीतर कुणीतरी दुकानाच्या नावानं चेक लिहून देतो आणि तो परत येतो.

नवं नाव कसं असावं? हळदीचं नाव हळदीसारखं नको. ‘सुवर्णा’, ‘पिवळी’, ‘शुद्ध’, ‘उत्तम’ असल्या शब्दांवर हक्क मिळत नाही, ते मालाचं वर्णनच आहे. घरातलं एखादं नाव, अथणीच्या वाड्याचं नाव, आजेसासूबाईंना गावात ज्या नावानं हाक मारायचे ते नाव, असलं काही बघा. महापुरुषांची नावं टाळा. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या कायद्यानंच बंधन आहे, दुसऱ्या चार पाट्यांवर दिसतं म्हणून ते चालतं असं नाही. आणि एक मोह होईल, नावात किंवा पाकिटावर ‘सांगली हळद’ टाकायचा. ‘सांगली हळद’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. सांगलीच्या बाजारात हळद कर्नाटकातूनही येते, इथं सौदा होतो, इथून देशभर जाते. पण सांगलीत विकली म्हणून अथणीकडची हळद सांगली हळद होत नाही. तुमच्या हळदीचा वाण चांगला असेल, तर तिच्या गावाचं नाव अभिमानानं लिहा की.

नाव ठरलं की ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधा, फुकट शोधता येतं. मसाल्याचा वर्ग ३०. नुसतं तसंच्या तसं बघू नका, उच्चारानंही बघा, कारण एकच मराठी शब्द इंग्रजीत चार तऱ्हेनं लिहितात. मोकळं दिसलं तर अर्ज करा. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ९ हजार, उद्यम दाखला जोडून लघुउद्योग म्हणून भरलात तर साडेचार. तुमचं मुख्य ठिकाण कर्नाटकात, म्हणून अर्ज चेन्नईच्या कार्यालयात जाईल, मुंबईच्या नाही. त्यानं बिघडत काही नाही, हक्क देशभराचाच मिळतो, दहा वर्षांचा आणि पुढे वाढवता येणारा. अर्ज जर्नलमध्ये छापून आला की हरकतींसाठी चार महिने जातात. अर्ज केल्यापासून नावापुढे टीएम लावा. गोलातला आर मात्र नोंद हातात पडेपर्यंत लावू नका, तो गुन्हा आहे. आमच्याकडचे छपाईवाले तो न सांगताच टाकतात, शोभेला म्हणून. प्रूफ स्वतः बघा.

आणि त्या जुन्या दुकानात एकदा तुम्ही स्वतः जा. दादा नकोत, तुम्ही. माहेरवाशीण म्हणून जा, पावशेर मसाला घ्या, सांगा की आम्ही असं असं दुकान टाकतोय, नाव वेगळं ठेवलंय, कंपनीचं जुनं नाव खाली बारीक येईल ते कायद्यापुरतं. पेठेतला माणूस आहे, रोज तोंड दिसणार. कदाचित वर्षभरात तोच तुमची मिरची पूड ठेवेल.

दादांबद्दल एक प्रश्न राहतो, तो तुम्ही विचारला नाहीत. शाखा हवीच का? दादांनी स्वतःच्या नावानं दुकान काढलं, तुमच्याकडून माल विकत घेतला आणि विकला, तर कंपनीला महाराष्ट्रात काहीच करावं लागत नाही. ना २७ चा क्रमांक, ना व्यवसाय कर, ना पीएफचा तो २१ चा आकडा. तुम्ही फक्त नाव वापरायची लेखी परवानगी द्यायची. परवाने आणि जीएसटीचं त्यांचं ते बघतील, आणि तिथं ४० लाखांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या उलाढालीवर होईल. नफा-तोटाही त्यांचा. मी तुमच्या जागी असतो तर पहिली दोन वर्षं असंच केलं असतं. पण यात उधारी कुणाची, उरलेला माल परत घ्यायचा का, हे भाऊ-बहिणीत कागदावर यावं लागतं, आणि आपल्या घरांत तिथंच घोडं अडतं. ‘दादाकडून लिहून घ्यायचं?’ असं तुम्हालाच वाटेल. घ्या लिहून. भाऊबीज त्यानं चुकत नाही.

शाखाच काढायची ठरली, तर पेंटरला काय द्यायचं ते आता सांगतो. पाटीला तीन कायदे लागतात. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटी देवनागरीत, मराठीत हवी, आधी मराठी मग दुसरी भाषा, आणि मराठी अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान नको. हे लहान दुकानांनाही लागू आहे. कंपनी कायदा म्हणतो की जिथं जिथं धंदा चालतो तिथं बाहेर कंपनीचं नाव आणि रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता वाचता येईल असा लावा, आणि तोही स्थानिक भाषेच्या लिपीत. म्हणजे अथणीची कन्नड-इंग्रजी पाटी उचलून आणून चालणार नाही. जीएसटीचा नियम म्हणतो क्रमांकही दारावर दिसला पाहिजे आणि दाखला आत भिंतीवर.

तेव्हा वर मोठ्या अक्षरात मराठीत दुकानाचं नवं नाव. त्याखाली हवं तर तेच इंग्रजीत, त्याच मापाचं किंवा लहान. कन्नडमध्येही लिहा, सीमेपलीकडचं गिऱ्हाईक मिरज-सांगलीत रोज येतं, त्याला बरं वाटेल. मग एका ओळीत कंपनीचं पूर्ण नाव, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ न गाळता, देवनागरीत. पुढच्या ओळीत ‘नोंदणीकृत कार्यालय’ म्हणून अथणीचा पूर्ण पत्ता. सगळ्यात खाली २७ नं सुरू होणारा जीएसटी क्रमांक. तो २१ अक्षरी ओळख क्रमांक पाटीवर नको, पण बिलबुकावर आणि लेटरहेडवर लागतो, कंपनीच्या फोन आणि ईमेलसह. बिलबुकं दोन करा, अथणीचं वेगळं, सांगलीचं वेगळं.

दाखले फ्रेम करून लावाल तेव्हा खालच्या खुंटीला लावू नका आणि मूळ करार गोडाऊनच्या कपाटात ठेवू नका. २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते तुमच्या माहेरच्यांना विचारा.

दसऱ्यापर्यंत जीएसटी क्रमांक हातात आला नाही, तर पेंटरला खालची ओळ मोकळी सोडायला सांगा. नारळ फोडा, पाटीला झेंडूचं तोरण बांधा, पेठेतल्या शेजाऱ्यांना पेढे वाटा. बिल मात्र त्या दिवशी एकही फाडू नका.